दुकानात दोनदा गेलेला पैसा



सोलापूरच्या जुन्या शहरात वारांच्या नावांच्या पेठा आहेत. त्यांतली शुक्रवार पेठ आणि तिच्या आसपासचा माणिक चौक, मधला मारुती, चाटी गल्ली हा सारा भाग म्हणजे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा हक्काचा बाजार. लग्नसराई आली की अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा या बाजूची मंडळी एस. टी. ने उतरतात, बस्ता बांधतात, चादरी-टॉवेल घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. दुकानात मराठी चालते, कानडी चालते, तेलुगूही चालते. भाषेचे कुणाचे काही अडत नाही. अडते ते पैशाशी.

पूर्वी पैशाचा व्यवहार डोळ्यांसमोर होत असे. नोटा मोजून दिल्या, मोड मोजून घेतली, पावती खिशात घातली, संपले. आता गल्ल्याशेजारी चौकटी-चौकटीचा एक छापील कागद असतो, ज्याला क्यूआर कोड म्हणतात, आणि पैसे आले की बोलणारी एक लहानशी पेटी असते. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते, पेटी बोलते, आणि माल हातात पडतो. शंभरातल्या बहुतेक वेळा हे सुरळीत होते, आणि झटपट होते, हेही कबूल केले पाहिजे. पण ज्या वेळी होत नाही, त्या वेळी काय करायचे हे गिऱ्हाइकालाही ठाऊक नसते आणि पुष्कळदा दुकानातल्या पोऱ्यालाही नसते.

समजा, एक शेतकरी नवराबायको दुकानात बसली आहेत. चादरी, लुगडी, टॉवेल मिळून बिल झाले ३,४५० रुपये. नवऱ्याने मोबाईल लावला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. इकडे बँकेचा संदेश आला की खात्यातून ३,४५० रुपये गेले. पण पेटी गप्प. दुकानातला पोऱ्या म्हणतो, “पैसे आलेच नाहीत की वो. परत मारा.” मागे गिऱ्हाइकांची रांग. बायकोने आपल्या फोनवरून परत पैसे पाठवले. पेटी बोलली. माल पिशवीत गेला. एस. टी. स्टँडवर पोचेपर्यंत नवऱ्याच्या फोनवर दुसरा संदेश: पहिलाही व्यवहार यशस्वी. म्हणजे ३,४५० च्या मालाला ६,९०० रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर उत्तर मिळते, “मालक बाहेरगावी आहेत.” तिसऱ्या दिवशी, “बँकेत विचारा.” बँकेत विचारले तर, “दुकानदाराला विचारा.” पुन्हा पेठेत गेले तर, “त्या बदल्यात दुसरा माल घेऊन जा ना, पैसे कुठं पळून चालले?” आणि भिंतीवरची पाटी दाखवली जाते: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दोन खेपांच्या गाडीभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत माणूस जेरीस येतो आणि म्हणतो, जाऊ दे, गेले ते गेले. हे जे “जाऊ दे” आहे ना, त्यावरच बेफिकीर दुकानदाराचे फावते.

तेव्हा पहिली गोष्ट ही समजून घेऊ की तो पैसा कुणाचा. लोकांची समजूत अशी दिसते की दुकानदाराने चुकून आलेला पैसा परत दिला तर तो त्याचा चांगुलपणा. तसे नाही. आपल्याकडे १८७२ सालचा करार कायदा आहे. दीडशे वर्षे उलटली, तरी तो आजही लागू आहे. त्याचे ७२ वे कलम सांगते की ज्याला चुकून पैसा दिला गेला, त्याने तो परत केलाच पाहिजे. गंमत अशी की कायदा करणाऱ्यांनी त्या कलमाखाली समजुतीसाठी जे उदाहरण दिले आहे, ते जवळजवळ आपल्या नवराबायकोचेच आहे. दोघांनी मिळून एकाचे शंभर रुपये देणे असते. एकजण ते देऊन टाकतो. दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो, तोही शंभर देतो. कायदा म्हणतो, घेणाऱ्याने दुसऱ्याचे शंभर परत दिले पाहिजेत. त्या काळी मोबाईल नव्हता, तारायंत्र नुकतेच आले होते, पण माणसाची गफलत तीच होती.

आणि ती पाटी? पाटी मालाबद्दल बोलते. पैशाबद्दल ती अवाक्षर काढत नाही. मालाच्या बाबतीतसुद्धा तिचा अंमल वाटतो तेवढा नाही. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, तो परत न घेणे आणि पैसे न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तसेच “बदल्यात दुसरा माल घ्या” हे मान्य करायचे की नाही, हे ठरवणारे तुम्ही. तुम्हाला खरोखरच आणखी दोन चादरी हव्या असतील तर घ्या. नको असतील तर रोख रक्कम मागा. ती मागण्यात भांडखोरपणा नाही.

गुरुजींनी मुलांना हे सांगताना नाण्याची दुसरी बाजूही सांगावी. कलम ७२ दुकानदारालाही लागू पडते. पन्नासाची मोड देताना गल्ल्यावरच्या माणसाने चुकून पाचशेची नोट दिली, तर ती त्याचीच राहते. आपल्या खिशात आली म्हणून आपली होत नाही.

आता मुख्य अडचण. पैसा नेमका अडकला कुठे? हे कळल्याशिवाय भांडण कुणाशी करायचे तेच ठरत नाही, आणि बहुतेक चकरा इथेच वाया जातात.

मोबाईलवरून पैसे देण्याची ही जी पद्धत आहे, तिला यूपीआय म्हणतात. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेने २०१६ साली सुरू केली. आपण गुप्त क्रमांक दाबला की निरोप आपल्या बँकेकडे जातो. आपली बँक खात्यातून रक्कम वजा करते. मग या संस्थेच्या यंत्रणेमार्फत दुकानदाराच्या बँकेला निरोप जातो आणि ती त्याच्या खात्यात रक्कम जमा करते. नंतर “झाले” असा निरोप उलट फिरतो. हे सारे चार-दोन सेकंदांचे काम. पण निरोप वाटेत कुठेही अडू शकतो. आपल्या बँकेने वजा केले आणि पुढचे उत्तरच आले नाही, तर पडद्यावर “प्रलंबित” किंवा “पेंडिंग” असे दिसते. याचा अर्थ पैसे गेले असा नाही आणि पैसे गेले नाहीत असाही नाही. अजून ठरायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. परत पैसे भरायला सगळ्यांत वाईट घटका कोणती असेल, तर ती हीच. आपल्या नवराबायकोची नेमकी इथेच फसगत झाली.

आणखी एक खुबी आहे. पुष्कळ दुकानांत पेटी आणि कागद एखाद्या पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचे असतात. दिवसभराची रक्कम तिच्याकडे जमते आणि मागाहून एकदम दुकानदाराच्या बँक खात्यात उतरते. म्हणून दुकानदार जेव्हा म्हणतो, “खात्यात आलेच नाहीत,” तेव्हा तो खोटेच बोलतो असे समजू नये. त्याने पासबुक पाहिलेले असते, दिवसाची जमा पाहिलेली नसते. त्याला शांतपणे म्हणावे, “मालक, आजच्या व्यवहारांची यादी उघडा आणि हा क्रमांक त्यात आहे का बघा.” हा क्रमांक म्हणजे प्रत्येक यूपीआय व्यवहाराला मिळणारा बारा आकडी क्रमांक. मोबाईलमध्ये तो व्यवहार उघडला की खाली दिसतो. पासबुक छापून घेतले तर पुष्कळदा तिथेही नोंदीत असतो. रक्कम शेकडो गिऱ्हाइकांची सारखी असू शकते, पण हा क्रमांक दुसऱ्या कुणाचा नसतो. तो वहीत उतरवून ठेवावा. मोबाईल हरवतो, वही सहसा हरवत नाही.

पैसे आपल्या खात्यातून गेले, पण दुकानात पोचल्याची खातरजमा झाली नाही, तर दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. ती जबाबदारी बँकांची. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी याचा नियम घालून दिला. दुकानातील यूपीआय व्यवहार असा अर्धवट राहिला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप खात्यात परत आली पाहिजे. आपोआप, म्हणजे अर्ज न करता. आणि पाच दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही मागण्याची वाट न पाहता बँकेने जमा करायची. व्यवहार १ तारखेचा असेल, तर ६ तारखेपर्यंत पैसे यावेत. ते १६ तारखेला आले, तर दहा दिवसांचे १,००० रुपये वर मिळायला हवेत. कार्ड घासून पैसे दिले, खाते वजा झाले आणि यंत्रातून यशस्वी व्यवहाराची चिठ्ठी निघाली नाही, तरी हाच पाच दिवसांचा आणि शंभर रुपयांचा हिशेब. एकाने दुसऱ्याच्या खात्यात थेट यूपीआयने पैसे पाठवले आणि ते पोचले नाहीत, तर मुदत त्याहून थोडी, एकच दिवस. हा नियम १५ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आहे. तरीही भरपाईचे शंभर रुपये असतात हे ऐकून चकित होणारी माणसे आजही भेटतात. आपल्या पासबुकात ते आले की नाही, हे जरा तपासून पाहावे.

बँकेने दाद दिली नाही, तर शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि तारखेचा शिक्का मारलेली प्रत मागून घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही. लोकपालांच्या वेगवेगळ्या योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये एकत्र करण्यात आल्या, त्यामुळे अमुक तक्रार कोणत्या लोकपालाकडे, हा घोळ उरला नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येते.

पण दोन्ही वेळा पैसे दुकानातच पोचले असतील, तर बँकेने आपले काम चोख केले आहे. मग आपले घेणे दुकानदाराकडून. इथे सगळे अवलंबून राहते ते कागदावर.

कागद म्हणजे आधी बिल. पेठेत अजूनही कच्च्या चिठ्ठीवर आकडे मांडून देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्या चिठ्ठीवर ना दुकानाचे नाव, ना तारीख. पक्के बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच आहे. वस्तू व सेवा कराखाली नोंदलेल्या दुकानदाराला २०० रुपयांच्या आतल्या खरेदीवर, गिऱ्हाइकाने मागितले नाही तर, बिल न देण्याची मोकळीक आहे. मागितले तर त्याला ते द्यावे लागते. म्हणून मागायची लाज धरू नये.

आणि आता जी गोष्ट सांगतो, ती या भाषणातली सगळ्यांत उपयोगाची आहे. पेटी गप्प आहे, खात्यातून पैसे गेले आहेत, दुकानदार म्हणतो दुसऱ्यांदा द्या, आणि तुम्हाला तर संध्याकाळची गाडी गाठायची आहे. शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबा, चहा घ्या, “प्रलंबित”चे काय होते ते पाहा. थांबणे शक्यच नसेल तर दुसऱ्यांदा पैसे द्या, पण त्याआधी बिलाच्या पाठीवर दुकानदाराकडून दोन ओळी लिहून घ्या: “आज अमुक वाजता मोबाईलने पाठवलेले ३,४५० रुपये, क्रमांक अमुक, आमच्याकडे जमा झाल्यास परत करू.” खाली सही आणि दुकानाचा शिक्का. प्रामाणिक दुकानदार हे हसतमुखाने लिहून देतो, कारण त्याचे त्यात काही जात नाही. जो लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा पैसे द्यायचे की माल तिथेच ठेवून उठायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर उठावे. चाटी गल्लीत दुकानांचा तोटा नाही.

दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे बोलणे एकांगी होईल. पैसे पाठवल्याचे खोटे चित्र मोबाईलवर दाखवून माल उचलणारे भामटे निघाले आहेत. अशी खोटी चित्रे तयार करणारी साधनेही त्यांच्याकडे असतात. म्हणून तर दुकानदारांनी ती बोलणारी पेटी आणून ठेवली. तुम्ही पडदा दाखवला आणि त्याने मान हलवली, तर तो तुमच्या खेडवळ वेषाकडे पाहून अविश्वास दाखवतो आहे असे लगेच मनाला लावून घेऊ नये. शहरातल्या सुटाबुटातल्या माणसालाही तो तेच म्हणतो. शिवाय गल्ल्यावर बसलेल्या पगारी माणसाच्या हातात मालकाचे खाते नसते. संदेश मालकाच्या मोबाईलवर जातो. त्या पोऱ्यावर ओरडून घसा बसेल, पैसे येणार नाहीत. मालकाचे किंवा मुनिमाचे नाव विचारावे आणि त्याच्याशी बोलावे. कार्डाने दिलेले पैसे रोखीने परत द्यायला दुकानदार तयार होत नाही, तेही अगदीच गैर नाही. रोख घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाने पुढे बँकेकडेही तक्रार केली, तर त्याचे दोनदा जातील. ज्या वाटेने पैसा आला त्याच वाटेने तो परत जावा, हे दोघांच्याही सोयीचे. मात्र परत पाठवला असे तो म्हणाला, तर त्याचाही क्रमांक आणि तारीख मागावी.

आणखी एका फसगतीकडे लक्ष असू द्यावे. चिडलेला माणूस घरी येऊन मोबाईलवर कंपनीचा तक्रार क्रमांक शोधतो, आणि तिथे ठगांनी आपलेच क्रमांक पेरून ठेवलेले असतात. समोरचा गोड बोलतो, “पैसे परत देतो, फक्त गुप्त क्रमांक टाका.” लक्षात ठेवा, यूपीआयने पैसे घ्यायला गुप्त क्रमांक कधीच लागत नाही. तो लागतो फक्त पैसे द्यायला. बँकेचा फोन क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच घ्यावा. आणि असा दगा झालाच, तर विचार करत न बसता १९३० या क्रमांकावर कळवावे. तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते, कारण पैसा पुढच्या खात्यातून काढला जायच्या आत तो थोपवता येतो.

दुकानदार ऐकतच नाही, उद्या या, परवा या करतो, तर तोंडी बोलणे थांबवून लिहावे. पहिले पत्र वकिलाचे असायची गरज नाही. गावातल्या गुरुजींकडे माणसे अर्ज लिहून घ्यायला येतातच. त्यांच्यासाठी एक मसुदा सांगतो:

“रा. रा. दुकानाचे मालक यांस, स. न. वि. वि. मी अमुक तारखेस आपल्या दुकानातून ३,४५० रुपयांचा माल घेतला. बिल क्रमांक अमुक. त्याची किंमत माझ्या व माझ्या पत्नीच्या खात्यांतून अशी दोनदा आपल्याकडे जमा झाली. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक व पासबुकाची प्रत सोबत जोडली आहे. अमुक तारखेस फोन केला व अमुक तारखेस समक्ष भेटलो, परंतु रक्कम मिळाली नाही. तरी जादा घेतलेले ३,४५० रुपये हे पत्र पोचल्यापासून पंधरा दिवसांत त्याच खात्यात परत करावेत. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. कळावे.”

एवढेच. त्यात शिवी नको, धमकी नको, आणि दुकानदाराच्या घराण्याचा उद्धारही नको. तारखा आणि आकडे बिनचूक असले की पत्राला आपोआप वजन येते. पत्राची एक प्रत जवळ ठेवावी. ते पोस्टाने पाठवून पावती जपावी. पूर्वी आपण अशा कामाला रजिस्टर करत होतो. ती सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट म्हणावे आणि पोच हवी असे सांगावे. पुष्कळ प्रकरणे या एका पत्रावर मिटतात, कारण समोरच्याला कळते की हा माणूस कागद जमवतो आहे.

तरीही काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे, १९१५. त्यावर मराठीत तक्रार सांगता येते. ते दुकानाशी किंवा कंपनीशी संपर्क साधून समेट घडवण्याचा प्रयत्न करतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत याचा चांगला उपयोग होतो. पण हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा.

ग्राहकाला न्याय मागायची अशी स्वतंत्र जागा मिळाली, त्याला महाराष्ट्रातल्या माणसांचा मोठा हातभार लागला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. कायदा नव्हता तेव्हापासून ही मंडळी गिऱ्हाइकाला संघटित करत होती. २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींनी ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी दिली. आता त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आहे, आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

या नव्या कायद्यात खेड्यातल्या माणसाच्या मोठ्या सोयीची एक गोष्ट आहे. तक्रार आता आपण जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. पूर्वी दुकान पुण्यामुंबईचे असले की बहुधा तिकडे धाव घ्यावी लागे. आता अक्कलकोटच्या माणसाने मुंबईच्या दुकानातून काही घेतले, तरी तक्रार सोलापुरात चालेल. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी काही नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्ज मराठीत चालतो. संगणकावरून करायचा असेल तर ई-जागृती नावाची सोय २०२५ पासून आहे. शाळेत संगणक असेल तर गुरुजींना गावासाठी हे काम सहज करता येईल. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. आयोगाचा हुकूम दुकानदाराने पाळला नाही, तर त्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. हेही त्या कायद्याचे ७२ वेच कलम आहे, हा एक योगायोग.

वेळ किती लागतो, हे मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त लागू शकतो. उत्तर प्रदेशात मथुरेला एका वकिलांनी डिसेंबर १९९९ मध्ये रेल्वेची दोन तिकिटे काढली. एकाचे ३५ याप्रमाणे ७० रुपये व्हायचे. शंभराची नोट दिली. खिडकीवरच्या कारकुनाने ९० रुपये कापून १० परत दिले. वीस रुपये जादा गेले. मागितले, मिळाले नाहीत. त्यांनी ग्राहक न्यायालयात तक्रार गुदरली. रेल्वेचे म्हणणे, अशी तक्रार इथे चालत नाही, रेल्वेच्या न्यायाधिकरणाकडे जा. शंभराहून अधिक तारखा पडल्या. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला. वीस रुपये, त्यावर दरसाल दरशेकडा १२ व्याज, आणि १५ हजार रुपये भरपाई. मधे बावीस वर्षे गेली. ते स्वतः वकील होते म्हणून टिकले. शेतकऱ्याने वीस रुपयांसाठी बावीस वर्षे कोर्टात उभे राहावे, असे मी सांगणार नाही. पण १८७२ च्या कायद्यातले त्याच कलमाचे दुसरे उदाहरण पाहा. रेल्वे कंपनी बेकायदा जादा आकार घेतल्याशिवाय माल सोडत नाही, माणूस नाइलाजाने पैसे देतो, आणि कायदा म्हणतो, जादा घेतलेले त्याला परत मिळाले पाहिजेत. म्हणजे हक्क तेव्हापासून होता. वीस रुपयांसाठी दाद मागायला सोपे दार नव्हते, ते १९८६ ला मिळाले, आणि ते उघडायला अजून जोर लावावा लागतो. ३,४५० रुपये म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी. बिल आणि क्रमांक हातात असतील, तर तेवढ्यासाठी अर्ज करणे मला तरी वेडेपणाचे वाटत नाही.

शेवटी एक बारकावा, कारण सोलापुरात तो वारंवार आडवा येतो. ग्राहक कोणाला म्हणायचे? जो स्वतःच्या वापरासाठी घेतो त्याला. कुणी पेठेतून शंभर टॉवेल आपल्या गावच्या बाजारात विकायला घेतले आणि त्यात पैसे दोनदा गेले, तर ग्राहक आयोग त्याला दारातच थांबवील, कारण फेरविक्रीसाठी घेणारा या कायद्याने ग्राहक नाही. त्याला करार कायद्याच्या ७२ व्या कलमाखाली दिवाणी न्यायालयात जावे लागेल. परंतु एखाद्या बाईने घरी बसून गणवेश शिवण्यासाठी शिलाई यंत्र घेतले असेल, आणि त्यावरच तिचे पोट असेल, तर ती ग्राहकच. स्वयंरोजगाराने चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी कामासाठी घेतलेली धरत नाहीत. तिने यंत्राचे पक्के बिल स्वतःच्या नावावर मागून घ्यावे, आणि यंत्र कशासाठी घेतले हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे.